भोर-वेल्हे आणि बारामतीचा खासदार : डोंगरी तालुक्यांचे लोकसभेतील प्रतिनिधित्व

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले भोर आणि वेल्हे हे दोन तालुके बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतात. राजगड आणि तोरणा हे किल्ले, पानशेत, वरसगाव, भाटघर आणि नीरा देवघर ही धरणे, भाताची खाचरे आणि पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या वाड्या अशी या मुलखाची ओळख आहे. मतदारसंघाचे नाव घेताच डोळ्यांसमोर येतो तो उसाचा, कालव्यांचा आणि सहकारी कारखान्यांचा सपाट पूर्व भाग. त्याच मतदारसंघाचे पश्चिम टोक मात्र सर्वस्वी वेगळे आहे. २००९ पासून या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व सुप्रिया सुळे करीत आहेत. त्यांची संसदीय कारकीर्द, त्यांच्या भूमिका आणि या दोन तालुक्यांच्या प्रश्नांशी असलेला त्यांचा संबंध यांचा हा आढावा.

मतदारसंघाची रचना

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर बारामती लोकसभा मतदारसंघात दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला हे सहा विधानसभा मतदारसंघ आले. त्यांपैकी भोर विधानसभा मतदारसंघात भोर, वेल्हे आणि मुळशी या तीन डोंगरी तालुक्यांचा समावेश होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या १ लाख ८६ हजार ११६, तर वेल्ह्याची अवघी ५४ हजार ५१६ होती. वेल्हे हा जिल्ह्यातील सर्वांत लहान लोकसंख्येचा तालुका असून तो पूर्णतः ग्रामीण आहे. याच जनगणनेत एकट्या बारामती तालुक्याची लोकसंख्या ४ लाख २९ हजार ६०० भरली होती. म्हणजे भोर आणि वेल्हे या दोहोंची बेरीज बारामतीच्या सुमारे निम्म्यावर येते. मतांच्या हिशेबात या तालुक्यांचे वजन मर्यादित का राहते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

भोर हे पूर्वीचे संस्थान. पंत सचिवांच्या या संस्थानाचे ८ मार्च १९४८ रोजी तत्कालीन मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले. भोर शहरातील राजवाडा त्या काळाची साक्ष देत आजही उभा आहे. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने १३ मार्च २०२४ च्या बैठकीत मान्यता दिली. तत्पूर्वी जिल्हा परिषदेनेही नोव्हेंबर २०२१ मध्ये तसा ठराव केला होता. लोकांच्या बोलण्यात मात्र वेल्हे हे जुने नाव कायम आहे.

सुप्रिया सुळे : संक्षिप्त परिचय

सुप्रिया सुळे यांचा जन्म ३० जून १९६९ रोजी पुणे येथे झाला. ज्येष्ठ नेते शरद पवार यांच्या त्या कन्या. मुंबईच्या जय हिंद महाविद्यालयातून त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली. सप्टेंबर २००६ मध्ये त्या राज्यसभेवर बिनविरोध निवडून आल्या. त्या वेळी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार न देण्याची भूमिका घेतली होती. २००९ मध्ये शरद पवार यांनी माढ्यातून निवडणूक लढविली आणि बारामतीची उमेदवारी सुळे यांच्याकडे आली. त्या निवडणुकीत त्यांनी भारतीय जनता पक्षाच्या कांता नलावडे यांचा ३ लाख ३६ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला.

२०१४ मध्ये चित्र बदलले. राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर यांनी चुरशीची लढत दिली आणि सुळे यांचे मताधिक्य ६९ हजार ७१९ वर आले. २०१९ मध्ये भाजपच्या कांचन कुल यांच्याविरुद्ध त्या १ लाख ५५ हजार ७७४ मतांनी विजयी झाल्या. त्या वेळी खडकवासला आणि दौंड या दोन विधानसभा मतदारसंघांत त्या पिछाडीवर होत्या. भोरने मात्र त्यांना आघाडी दिली होती.

२०२४ ची निवडणूक आणि भोरचे राजकारण

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या गटाला दिले. शरद पवार यांच्या पक्षाला 'तुतारी फुंकणारा माणूस' हे नवे चिन्ह मिळाले. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार या सुळे यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि बारामतीची लढत देशभर गाजली. सुळे यांना ७ लाख ३२ हजार ३१२, तर सुनेत्रा पवार यांना ५ लाख ७३ हजार ९७९ मते मिळाली. सहापैकी केवळ खडकवासला येथे सुनेत्रा पवार यांना आघाडी मिळाली. उर्वरित पाचही मतदारसंघांनी, त्यात भोरनेही, सुळे यांना साथ दिली.

भोरच्या या कौलामागे स्थानिक राजकारणाचा मोठा इतिहास आहे. माजी मंत्री अनंतराव थोपटे यांनी अनेक वर्षे काँग्रेसतर्फे या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. थोपटे आणि पवार यांच्यातील राजकीय वैर जिल्ह्यात सर्वश्रुत होते. १९९९ मध्ये राष्ट्रवादीचे काशिनाथ खुटवड यांनी थोपटे यांचा पराभव केला, तेव्हा हे वैर अधिकच धारदार झाले. पुढे अनंतरावांचे पुत्र संग्राम थोपटे २००९, २०१४ आणि २०१९ असे सलग तीनदा आमदार झाले. मार्च २०२४ मध्ये शरद पवार यांनी अनंतराव थोपटे यांच्या घरी जाऊन त्यांची भेट घेतली. जुने वैर मागे ठेवल्याचा तो संकेत मानला गेला. संग्राम थोपटे यांनी सुळे यांचा प्रचार केला.

हे समीकरण फार काळ टिकले नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत भोरमधून अजित पवार यांच्या पक्षाचे शंकर मांडेकर विजयी झाले. विशेष म्हणजे बारामती लोकसभा मतदारसंघातील सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे भाजपमध्ये दाखल झाले. लोकसभेला एका पक्षाच्या उमेदवाराला निवडून देणाऱ्या मतदारांनी सहा महिन्यांतच विधानसभेला उलट कौल दिला. परिणामी केंद्रात विरोधी बाकांवर बसणाऱ्या, राज्यात सत्ता नसलेल्या आणि एकाही विधानसभा मतदारसंघात स्वपक्षाचा आमदार नसलेल्या खासदार अशी सुळे यांची स्थिती झाली.

संसदेतील कामगिरी आणि भूमिका

प्रश्न विचारणाऱ्या आणि चर्चेत भाग घेणाऱ्या खासदार अशी सुळे यांची ओळख आहे. २०१४ ते २०१९ या सोळाव्या लोकसभेच्या काळात त्यांनी हजाराहून अधिक प्रश्न विचारले. 'संसदरत्न' पुरस्काराने त्यांना अनेकदा गौरविण्यात आले आहे.

खासगी सदस्य विधेयकांच्या माध्यमातून त्यांनी काही वेगळे विषय सभागृहासमोर आणले. कार्यालयीन वेळेनंतर दूरध्वनी वा ई-मेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असे विधेयक त्यांनी २०१८ मध्ये मांडले. डिसेंबर २०२५ मध्ये ते त्यांनी पुन्हा सादर केले. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यासाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी एप्रिल २०२२ मध्ये मांडले होते. खासगी सदस्य विधेयके क्वचितच कायद्यात रूपांतरित होतात. त्यामुळे त्यांचे महत्त्व एखाद्या विषयावर चर्चा घडवून आणण्यापुरतेच असते, हेही लक्षात घ्यावयास हवे.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या सुरक्षाभंगावरून झालेल्या गदारोळात निलंबित झालेल्या विरोधी सदस्यांत त्यांचा समावेश होता. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'नंतर भारताची बाजू मांडण्यासाठी परदेशी गेलेल्या सर्वपक्षीय शिष्टमंडळांपैकी एकाचे नेतृत्व केंद्र सरकारने त्यांच्याकडे सोपविले. या शिष्टमंडळाने कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्त या देशांना भेटी दिल्या.

खासदाराच्या हाती नेमके काय?

गावातील रस्ता, शाळेची खोली, पाण्याची टाकी या सर्वांसाठी मतदार खासदाराकडे धाव घेतात. प्रत्यक्षात यांतील बहुतेक विषय राज्य सरकार, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या अखत्यारीत येतात. राष्ट्रीय महामार्ग, दूरसंचार, टपाल, पारपत्र आणि केंद्रपुरस्कृत योजना ही खासदाराची खरी कार्यक्षेत्रे. केंद्रीय योजनांच्या अंमलबजावणीचा आढावा घेणाऱ्या जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समितीच्या बैठकीत, म्हणजे 'दिशा' समितीत, खासदाराला अधिकाऱ्यांना जाब विचारता येतो. आदेश देण्याचा अधिकार मात्र तेथेही मर्यादितच असतो.

स्थानिक विकास निधी हे खासदाराचे दुसरे साधन. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. काम सुचविण्याचा अधिकार खासदाराचा, मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची, अशी त्याची विभागणी आहे. करोनाच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये हा निधी स्थगित करण्यात आला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पूर्ववत झाला. पाच कोटी ही रक्कम मोठी वाटत असली, तरी ती सहा विधानसभा मतदारसंघांत विभागल्यास एकाच्या वाट्याला वर्षाला एक कोटीही येत नाही. भोर मतदारसंघात पुन्हा तीन तालुके. डोंगरातील एका पक्क्या रस्त्याचा खर्च पाहता हा निधी कोठवर पुरणार, हे उघड आहे.

याशिवाय ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग यांना सहायक साधने देण्याच्या केंद्रीय योजनांवर सुळे यांनी विशेष भर दिला आहे. 'वयोश्री' योजनेत चष्मे, श्रवणयंत्रे, काठ्या, चाकाच्या खुर्च्या अशी साधने दिली जातात. दुर्गम वाडीवरील वृद्धाला त्यासाठी पुण्यापर्यंत जाणे परवडत नाही. त्यामुळे शिबिर तालुक्याच्या ठिकाणी भरते की नाही, यावर अशा योजनांचा लाभ अवलंबून राहतो.

बनेश्वरचा रस्ता : एक उदाहरण

खासदारपदाच्या मर्यादा आणि शक्यता या दोहोंचे दर्शन घडविणारी घटना एप्रिल २०२५ मध्ये घडली. भोर तालुक्यातील नसरापूरजवळ बनेश्वर हे पेशवेकालीन शिवमंदिर आहे. पुणे-सातारा महामार्गापासून जवळ असल्याने पुण्याहून येथे मोठ्या संख्येने भाविक व पर्यटक येतात. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याचा सुमारे सहाशे ते सातशे मीटरचा भाग अत्यंत खराब झाला होता. पाठपुरावा करूनही काम होत नसल्याचे सांगत सुळे यांनी ९ एप्रिल २०२५ रोजी पुण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषण सुरू केले. १ मेपासून काम सुरू करण्याचे आश्वासन प्रशासनाकडून मिळाल्यावर त्याच दिवशी ते मागे घेण्यात आले.

या घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. चार वेळा निवडून आलेल्या खासदाराला अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या रस्त्यासाठी रस्त्यावर बसावे लागते, ही प्रशासनाची नामुष्की होय. दुसरीकडे, सोळा वर्षे प्रतिनिधित्व केल्यानंतरही असे प्रश्न शिल्लक का राहतात आणि हा तुकडा स्थानिक विकास निधीतून का होऊ नये, असा प्रश्न मतदाराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. राज्यात सत्ता असताना जे काम एका दूरध्वनीवर होत असे, त्यासाठी सत्तेबाहेर गेल्यावर आंदोलनाचा मार्ग पत्करावा लागतो, हा या घटनेचा खरा अर्थ.

महामार्ग आणि घाट

भोर तालुक्यातून जाणारा पुणे-सातारा रस्ता हा पुणे-बंगळुरू राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. त्याच्या सहापदरीकरणाचे काम २०१० मध्ये सुरू झाले. अडीच-तीन वर्षांत पूर्ण होणे अपेक्षित असलेले हे काम दीर्घकाळ रेंगाळले. पथकर वसुली मात्र अखंड चालू राहिली. खेड शिवापूर येथील टोलनाक्याविरुद्ध फेब्रुवारी २०२० मध्ये स्थानिक कृती समितीने मोठे आंदोलन केले. शेतमाल घेऊन पुण्याला जाणारा शेतकरी, औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा तरुण आणि महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी या सर्वांना पुण्याला जाण्यासाठी हाच नाका ओलांडावा लागतो. महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत असल्याने हा खासदाराच्या थेट कक्षेतील प्रश्न ठरतो.

भोरहून महाडला जोडणाऱ्या वरंध घाटाची स्थिती याहून बिकट. दरडी कोसळण्याच्या भीतीने हा घाट पावसाळ्यात वाहतुकीस वारंवार बंद ठेवावा लागतो. घाटमाथ्यावरील गावांना त्या काळात बाजार, दवाखाना आणि शाळा यांच्यासाठी लांबचा वळसा पडतो.

अंतर्गत रस्त्यांची अडचण निकषांत दडलेली आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सर्वसाधारण भागासाठी पाचशे लोकसंख्येची, तर डोंगरी राज्ये व अनुसूचित क्षेत्रे यांसाठी अडीचशे लोकसंख्येची अट आहे. सह्याद्रीतील भोर-वेल्हे हे तालुके डोंगरी असले, तरी महाराष्ट्र हे 'डोंगरी राज्य' नव्हे. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत आहे. त्यामुळे शंभर-दोनशे वस्तीच्या वाड्या केंद्राच्या यादीबाहेर राहतात. निकष बदलून घेणे हे संसदेत बसणाऱ्या प्रतिनिधीचे काम आहे, आणि अशा एका बदलाचा लाभ अनेक वर्षांच्या निधीपेक्षा मोठा ठरू शकतो.

धरण उशाला, कोरड घशाला

या म्हणीचा अर्थ भोर आणि वेल्ह्यातील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वेळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे साडेतेवीस टीएमसी क्षमतेच्या या धरणाचे आणि नीरा देवघरच्या सुमारे पावणेबारा टीएमसी क्षमतेच्या जलाशयाचे पाणी वीर धरणाकडे जाते आणि नीरा डाव्या व उजव्या कालव्यांनी पुरंदर, बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या तालुक्यांना मिळते. वेल्ह्यातील पानशेत आणि वरसगाव ही धरणे पुणे शहराची तहान भागवितात. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुण्यात झालेला हाहाकार शहराच्या स्मृतीत कायम आहे. त्या धरणासाठी गावे सोडावी लागलेल्या वेल्हेकरांची आठवण मात्र क्वचितच निघते. कानंदी नदीवरील गुंजवणी धरणाची क्षमता सुमारे ३.६९ टीएमसी असून त्याचा लाभ वेल्हे, भोर आणि पुरंदर या तालुक्यांसाठी योजिलेला आहे.

पाणलोटातील वाड्यांची घरे धरणाच्या पातळीपेक्षा उंचावर. पाणी डोळ्यांसमोर असते, ते वर उचलण्याची सोय नसते. पावसाळ्यात प्रचंड पाऊस झेलणाऱ्या या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

येथे लोकप्रतिनिधीची कसोटी लागते. एकाच खासदाराच्या मतदारसंघात पाणी देणारे आणि पाणी घेणारे असे दोन्ही तालुके आहेत. नीरा देवघरच्या पाण्याचा वाद याचा नमुना ठरला. डाव्या कालव्यातून बारामती-इंदापूरकडे जाणारे पाणी बंद करून ते उजव्या कालव्याकडे वळविण्याचा निर्णय तत्कालीन राज्य सरकारने जून २०१९ मध्ये घेतला. फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या सरकारने तो बदलून दोन्ही कालव्यांमध्ये पाण्याची वाटणी केली. या सर्व वादात चर्चा झाली ती लाभक्षेत्रांची. ज्या भोर तालुक्यात हे पाणी साठते, त्याच्या उपसा सिंचनाचा विषय मागेच पडला.

पश्चिम घाट आणि गडकोट

आणखी दोन विषय थेट केंद्राशी निगडित आहेत. डॉ. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि डॉ. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये पश्चिम घाटाविषयी अहवाल दिले. त्यानंतर केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना वेळोवेळी काढली. जुलै २०२४ मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली. प्रस्तावित क्षेत्रापैकी सुमारे १७ हजार ३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रात असून भोर व वेल्ह्यातील अनेक गावे त्यात मोडतात. खाणकाम आणि मोठी बांधकामे यांवर निर्बंध येणे डोंगराच्या दृष्टीने हिताचे आहे. मात्र आपल्या जमिनीत नेमके काय करता येईल, हे गावकऱ्यांना वर्षानुवर्षे निश्चितपणे कळू नये, ही स्थिती कोणाच्याच हिताची नाही.

दुसरा विषय राजगडाचा. शिवाजी महाराजांच्या या पहिल्या राजधानीचा समावेश जुलै २०२५ मध्ये 'युनेस्को'ने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या बारा किल्ल्यांत झाला. या मानांकनामुळे गडावरील वर्दळ वाढणार हे निश्चित. पायथ्याच्या गावांतील रस्ते, वाहनतळ, स्वच्छतागृहे, कचऱ्याची विल्हेवाट आणि स्थानिकांना रोजगार यांचे नियोजन त्यापूर्वी झाले नाही, तर मानांकनाचा भार गावकऱ्यांवर पडेल आणि लाभ इतरत्र जाईल. राजगड हे राज्य संरक्षित स्मारक असल्याने येथेही केंद्र व राज्य यांच्यात समन्वय साधणारा प्रतिनिधी लागणार आहे.

मूल्यमापनाची दिशा

खासदाराच्या कामाचे मोजमाप सभागृहातील उपस्थिती, प्रश्नांची संख्या आणि पुरस्कार यांवरून करण्याची प्रथा आहे. त्या कसोटीवर सुप्रिया सुळे यांची कामगिरी उजवी ठरते. भोर-वेल्ह्याच्या मतदाराची फूटपट्टी मात्र वेगळी आहे. पावसाळ्यात रस्ता चालू राहतो का, मोबाइलला 'रेंज' मिळते का, उन्हाळ्यात टँकर किती दिवस लागतो, शिकलेल्या मुलाला पुणे गाठावे लागते की तालुक्यातच काम मिळते, हे त्याचे प्रश्न. यांतील काहींची उत्तरे दिल्लीत आहेत, काहींची मुंबईत, तर काहींची जिल्हा परिषदेत. या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या पक्षांची सत्ता असते तेव्हा दोष एकमेकांवर ढकलणे सोपे होते.

पुणे शहराला पाणी देणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी पुणेकरांना गडवाटा खुल्या करणाऱ्या या दोन तालुक्यांची लोकसंख्या अडीच लाखांच्याही आत आहे. शहराशी असलेले त्यांचे देणे-घेणे मात्र त्याहून कितीतरी मोठे आहे. त्यामुळे त्यांचा प्रतिनिधी लोकसभेत काय मागतो आणि काय मिळवून आणतो, याकडे शहरातील वाचकानेही लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.